चर्चचं गाणं, रियाज आणि एक चढा गांधार

खानापूरहून एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. मुलगी चौदा वर्षांची. आठव्या वर्षापासून चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात गाते. शनिवारी संध्याकाळी सराव, रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. गेल्या जूनपासून आठवड्यातून दोनदा बेळगावला शास्त्रीय गाणं शिकायला येते. तिथले गुरुजी म्हणतात, "चर्चचं गाणं बंद कर, कान बिघडतोय." चर्चमधले म्हणतात, "गायला शिकली ती इथंच की! आता आम्ही नको झालो?" शिवाय हल्ली तिचा आवाज फुसका येतोय, हवा जास्त आणि सूर कमी. कुणाचं ऐकायचं?

ताई, गुरुजी म्हणतात ते दुखणं खरं आहे. त्यावरचं औषधही चर्चमध्येच आहे, फक्त ते वर्षातले मोजके दिवस मिळतं. तिथवर येतोच.

मी पेटी शिकलो ती बेळगावात. पंडित रामभाऊ विजापुऱ्यांचं गाव हे, इथं पेटीवाला शोधायला लागत नाही. गेली बत्तीस वर्षं कॉयर बसवतोय. बेळगावच्या कॅम्पात कोंकणी आणि इंग्रजी, खानापूर तालुक्यात मराठी आणि कोंकणी. मध्ये काही वर्षं मेथडिस्ट मंडळीत पेटी धरली, तिथं कन्नडही आलं. सोमवार ते शुक्रवार घरी गाण्याचे वर्ग घेतो. त्यामुळं "तुम्ही लोक कान बिघडवता" आणि "तुम्ही लोक पोरांना आमच्यातून काढता", या दोन्ही शिव्या मला बसतात.

चर्च नेमकं काय शिकवतं ते सांगायला एकच प्रसंग घेतो. मिस्सेत पहिल्या वाचनानंतर स्तोत्र असतं. एकानं धृपद म्हणायचं, लोकांनी ते परत म्हणायचं, मग कडवं, मग पुन्हा लोक. अकरा-बारा वर्षांच्या पोरीला हे पहिल्यांदा मिळतं तेव्हा बघा. बाकापासून वाचनपीठापर्यंत पंधरा-वीस पावलं, सगळं चर्च गप्प, आणि नेमक्या त्याच दिवशी चप्पल करकरते. आधी वाचन केलेले काका सहा फुटी, माइक त्यांच्या तोंडाशी. तो आवाज न करता खाली ओढायचा. कागद सपाट करायचा. खोकणाऱ्यांचं खोकून होईतो थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड, मोठ्यांनाही जमत नाही. मग कीबोर्डवर एक कॉर्ड वाजतो. त्या कॉर्डात तीन-चार सूर असतात. त्यातला आपला पहिला सूर कोणता हे तिनं ओळखायचं, आणि तो बहुतेक वेळा षड्ज, म्हणजे सा, नसतो. तोंड उघडलं की परत फिरता येत नाही. अर्धा सूर वर धरला, तर धृपदाच्या शेवटी दोनशे माणसं हळूच गप्प होतात आणि ती एकटी वर लटकते. आमचं चर्च लांबुळकं आहे, मागच्या बाकांचा आवाज पाव-अर्धी मात्रा उशिरा येतो. त्याच्यासाठी थांबलात तर लय मेली, नाही थांबलात तर लोक सुटले. मग ती पोर दोन-तीन महिन्यांत आपोआप शिकते की कडव्याच्या शेवटच्या शब्दावर किंचित मान वर करायची, हात उचलायचा, लोकांना श्वास घ्यायला लावायचा. हे मी शिकवत नाही. समोरचे लोक शिकवतात.

आणि शेवटी टाळी नाही. गाणं संपलं, ती खाली आली, दुसरं वाचन सुरू.

माझ्या मते टाळी नसणं हा चर्चचा सगळ्यात मोठा फायदा. स्पर्धेत पोर पाच मिनिटं गाते, समोर तीन परीक्षक, पहिल्या रांगेत मोबाईल धरून आई. तिथं सगळं लक्ष "मी कशी दिसते, मी कशी गायले" याच्यावर. इथं काम वेगळं आहे. लोकांना गायला लावायचं. गाणं त्यांचं, तू फक्त वाट दाखव. भीती जाते ती अशी, कारण बघायला कुणी आलेलंच नसतं. आता हिशेब करा. गाण्याच्या वर्गातल्या पोरांना चारचौघांत गायला मिळतं गुरुपौर्णिमेला आणि गॅदरिंगला, वर्षातून दोनदा. तुमची मुलगी सहा वर्षांत निदान तीनशे रविवार लोकांसमोर उभी राहिली आहे, सण वेगळे. एवढा अनुभव आमच्या भागात आणखी एकाच ठिकाणी मिळतो, भजनी मंडळात. खानापूर, नंदगडकडच्या गावांत एकादशीला टाळ घेऊन उभं राहणाऱ्या पोरांची लय कधी हलत नाही, त्याचं कारण हेच. मी स्वतः लहानपणी दोन्हीकडं बसलोय. फादरांनाही ठाऊक होतं आणि बुवांनाही, कुणी काही म्हटलं नाही.

बरं, टाळी नसण्याचा तोटाही आहे. चूकही कुणी सांगत नाही. वर्षानुवर्षं एकच जागा बेसूर गाणारे भाविक मी पाहिलेत, आणि प्रत्येक वेळी फादर म्हणतात, "छान झालं." म्हणून तिला मोबाईलवर रेकॉर्ड करायला लावा आणि सोमवारी ऐकायला लावा. रविवारीच नको, रविवारी सगळं छानच वाटतं.

आता कान. कॉयरमध्ये चार आवाज असतात: सोप्रानो आणि आल्टो बायकांचे (आणि आवाज न फुटलेल्या पोरांचे), टेनर आणि बेस पुरुषांचे. चाल बहुतेक सोप्रानोकडं, म्हणजे सोपं काम. खरी शाळा आल्टोची. चाल तुमच्या शेजारीच चाललेली असते, तुमच्यापेक्षा चार-पाच सूर वर, ओळखीची, गोड. आणि तुम्हाला तिच्याखाली एक नीरस वाटणारी ओळ धरून ठेवायची असते. पहिले सहा महिने प्रत्येक पोरगी घसरते, तिसऱ्या ओळीत चालीला जाऊन मिळते. काही जणी कानात बोट घालतात. मी ते काढायला लावतो. बोट घातलं की आपला सूर सांभाळता येतो, पण शेजारणीचा तुटतो, आणि सगळा खेळ शेजारणीच्या सुराशी आहे. शास्त्रीय शिकणारी मुलं तानपुऱ्याशी लागायला शिकतात. तानपुरा हलत नाही. कॉयरमधली शेजारीण हलते. हलत्या सुराशी लागून राहायची सवय ज्याला आहे, त्याला पुढं साथीदार, कोरस, स्टुडिओ कुठंच अडत नाही.

गोव्यात हे फार आधीपासून होतं. तिथं चर्चच्या शाळेत मेस्त्री, म्हणजे गाण्याचे मास्तर, मुलांना सोल्फा (तिकडचं सा-रे-ग-म), व्हायोलिन आणि नोटेशन वाचायला शिकवायचे. मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोव्याचे एवढे वादक का, याचं उत्तर तिथंच आहे: त्यांना कागद समोर ठेवला की वाजवता यायचं. प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस हे माजोर्डाचे, आणि त्यांचे वडील चर्चमध्ये कॉयर बसवायचे. आमच्या बेळगावकडं मात्र नोटेशन वाचणारा म्हणजे गोव्याहून आलेला कुणीतरी, असंच बरीच वर्षं चाललं. बाकीचे आम्ही ऐकून पाठ करणारे. तुमच्या मुलीला नोटेशन शिकवणारं कुणी तुमच्या चर्चमध्ये असेल तर ती संधी सोडू नका.

आता गुरुजींचं दुखणं. ते ज्याला "कान बिघडला" म्हणतात, तो बहुधा तिचा गांधार, म्हणजे ग आहे. पैज लावतो, शुद्ध गांधार चढा, म्हणजे हवा त्याहून किंचित वर लागत असणार.

कीबोर्डवर सप्तकाचे बारा समान तुकडे केलेले असतात. प्रत्येक तुकड्याला शंभर सेंट म्हणतात, म्हणजे गांधार षड्जापासून बरोबर ४०० सेंटवर. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो साधारण ३८६ वर. फरक चौदा सेंटचा, अर्ध्या सुराचा सातवा हिस्सासुद्धा नाही. सामान्य माणसाला एकेकटे ऐकवले तर कळणार नाहीत. तानपुऱ्यावर लावला की मात्र चढा गांधार खड्यासारखा टोचतो. पेटीचे सूरही कीबोर्डसारखेच, म्हणून पेटीवरचा हा रोष जुनाच आहे. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं, त्यामागं इतर कारणांबरोबर हेही एक होतं. मी पेटीवाला, मला ते लागतं. पण खोटं नाही. सहा वर्षं कीबोर्डबरोबर गाणाऱ्या पोरीचा गांधार कीबोर्डचाच असणार. गुरुजी बरोबर.

पण त्यात चर्चच्या गाण्याचा दोष नाही, प्लगात लावलेल्या वाद्याचा आहे. आणि वर्षात एक काळ असा येतो की तो प्लग निघतो. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून वाजवायची असा नियम. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, गौरवगीत झालं की घंटाही गप्प, त्या थेट ईस्टरच्या आदल्या रात्री, पुनरुत्थानाच्या उपासनेत वाजतात. आमच्या कॉयरमध्ये या दिवसांत कीबोर्डवर कापड टाकतात. गुड फ्रायडेला नुसते गळे.

पहिल्या वर्षी मी तोंडावर पडलो. काळी दोनला (पेटीवरची दुसरी काळी पट्टी) सुरू केलेलं गीत पाचव्या कडव्याला काळी एकवर येऊन बसलं, पूर्ण एक सूर खाली. बेसवाल्यांच्या तोंडून नुसती हवा येत होती. एक म्हातारे गृहस्थ बाहेर म्हणाले, "आज दुःखाचा दिवस आहे ते कळालं, पण इतकं?" चूक माझी. सगळा सराव कीबोर्डवर घेतला आणि ऐन वेळी आधार काढला. तेव्हापासून राखेच्या बुधवारपासून, म्हणजे प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवसापासून, सरावाची पहिली वीस मिनिटं वाद्याशिवाय.

त्या वीस मिनिटांत आम्ही एकच गोष्ट करतो. बेस षड्ज धरतात, टेनर पंचम, आल्टो गांधार, वर सोप्रानो तार षड्ज. आधी आल्टो कीबोर्डच्या सवयीचा गांधार लावतात. आवाज बरा असतो, पण आतून थरथरतो. मग मी हातानं खुणावतो, किंचित खाली. अजून. अजून एक केस. आणि एका जागी थरथर थांबते. आवाज मोठा न करता मोठा होतो, भिंतींना लागतो. दोन वर्षांमागं अशाच एका क्षणी आल्टोतली एक पोरगी दचकून थांबली आणि छताकडं बघून म्हणाली, "सर, वर कोण गाऊलालंय?" कुणी गात नव्हतं. चार सूर नेमके जुळले की त्यांच्यावरचे बारीक सूर एकमेकांना उचलून धरतात आणि पाचवा आवाज ऐकू येतो. तो एकदा ऐकलेला कान चढा गांधार पुन्हा निवांतपणे लावू शकत नाही. ती पोरगी आता बेळगावात ख्याल शिकते. तिच्या गांधाराबद्दल तक्रार माझ्यापर्यंत आलेली नाही.

भाषेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सीमाभागातल्या मुलांना हे फुकट मिळतं आणि त्यांना त्याची किंमत नसते. व्हॅटिकन परिषदेनं १९६३ साली मातृभाषेतल्या उपासनेला वाट दिली, तोवर मिस्सा लॅटिनमध्ये. आमच्याकडं मातृभाषा म्हणजे कुठली, हा मोठाच प्रश्न होता! परिणाम असा की एकच पोर महिन्याभरात मराठी, कोंकणी, कन्नड आणि इंग्रजीत गाते. कन्नडमध्ये शब्द बहुतेक स्वरावर संपतात, तोंड उघडं राहतं, श्वास नीट पडतो. कोंकणीतले नाकातले स्वर गाताना किती नाकात सोडायचे याचा अंदाज यायला वर्ष जातं. इंग्रजीत शेवटचं व्यंजन सगळ्यांनी एकाच क्षणी टाकलं नाही तर वीस जणांचं 'स' म्हणजे सापांचं वारूळ. मराठीची अडचण निराळी. पाश्चात्त्य चालींवर बसवलेली जुनी भाषांतरित गीतं बरीचदा अर्ध्या ठोक्यावरून सुरू होतात. मराठी शब्दाचा भार पहिल्या अक्षरावर, चालीचा दुसऱ्यावर, मग "देवा" चं "दे-वाऽ" होतं आणि भाजीवाल्यानं आरोळी दिल्यासारखं वाटतं. पहिलं अक्षर अलगद टाकून ते झाकायचं असतं. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि ओवीच्या वळणानं ख्रिस्ती भजनं लिहिली, तिथं ही कुस्ती करावी लागत नाही. भजनी ठेका धरला की शब्द आपसूक बसतात. दोन्ही गाणाऱ्या मुलाला शब्दाचा भार कुठं असतो हे व्याकरणाशिवाय समजतं. नाट्यगीत किंवा भावगीत गायला बसला की ते लगेच दिसतं.

आता चर्च जे देत नाही ते. राग देत नाही. आलाप कसा वाढवायचा, तान कशी तयार करायची, एका सुरावर पाच मिनिटं कसं राहायचं, यातलं काही नाही. आणि सगळ्यांत मिसळून गायच्या सवयीनं काही मुलं एकटी गातानाही आवाज दाबून गातात, जणू शेजारी कुणी आहे. हे गुरुजींनीच काढायचं. त्यांच्याकडं तुमची मुलगी गाते काळी चार किंवा पाचला, खालच्या भरीव आवाजात. सोप्रानोत तिला वर पातळ आवाजात जावं लागतं. काही गुरुजी त्याला "खोटा आवाज" म्हणतात. खोटा नाही तो, गळ्याची दुसरी चाल आहे, स्वरतंतू ताणून पातळ करून गायची. नुकसान होतं ते खालचा भरीव आवाज जोर लावून वर ओढल्यानं, आणि तो प्रकार मी कॉयरमध्ये जितका पाहिलाय तितकाच गाण्याच्या वर्गांतही.

फुसक्या आवाजाचं म्हणाल तर घाबरू नका. मुलग्यांचा आवाज फुटतो ते गावभर कळतं. मुलींचाही बदलतो, फक्त बोभाटा होत नाही. साधारण बारा ते पंधरामध्ये स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू मागच्या बाजूला पुरते मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते. वर्ष-दोन वर्षांत भरून येतं. या काळात तिला जोर लावायला सांगणाऱ्या कुणाचंही ऐकू नका, मग तो मी असलो तरी. हे मी शहाणपणानं नाही, चुकीनं शिकलो. पंचवीस-एक वर्षांपूर्वी माझ्याकडं एक तेरा वर्षांचा मुलगा होता, असा सोप्रानो पुन्हा मिळाला नाही. नाताळ तोंडावर, एकट्यानं म्हणायचं गीत त्याचंच. आवाज फुटायला लागलेला मला कळत होता, तरी "एवढा नाताळ काढू" म्हणून रेटला. मध्यरात्रीच्या मिस्सेत तिसऱ्या ओळीला आवाज दुभंगला, मागच्या बाकावरची पोरं हसली. तो पुन्हा गायला आला नाही. आता तो दोन मुलांचा बाप आहे. भेटतो, बोलतो, गाण्याचा विषय काढत नाही.

तेव्हा ताई, मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. कॉयर सोडवलं नसतं, कॉयरमधली तिची जागा बदलली असती. कॉयरच्या मास्तरांना सांगा, दोन वर्षं तिला आल्टोत घ्या. आवाजाला विश्रांती आणि कानाला काम. ते कुरकुरतील, कारण चाल धरणारी पोर जाते. जाऊ दे. शनिवारी सराव असेल त्या दिवशी सकाळचा रियाज अर्धा. रोज कीबोर्ड ऐकायच्या आधी दहा मिनिटं तानपुरा, नुसता षड्ज आणि गांधार. डिसेंबरात कॅरलच्या फेऱ्यांना जाऊ दे, पण बेळगावची थंडी, रात्रीचे अकरा, उघड्यावर ढोलकीच्या वर ओरडून गाणं, हे सलग पाच रात्री नको. एक आड एक रात्र. घसा बसला तर कुजबुजत बोलू देऊ नका, त्यानं जास्त ताण पडतो. गप्प बसू दे. तीन आठवड्यांनीही घोगरेपणा गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, काढ्यांवर दिवस काढू नका.

आणि गुरुजींशी वाद घालू नका. त्यांना गुड फ्रायडेला बोलवा. भाषणं, ओळख काही नको, मागच्या बाकावर बसू दे. आल्टोच्या बाजूला, म्हणजे बहुतेक डावीकडं. उपासना तीनला सुरू होते आणि त्या दिवशी गर्दी असते. अडीचला या म्हणावं.